उजव्या मागच्या चाकावरचे सात स्क्रू

गाडीचं चाक पत्र्याच्या बाहेर आलं, की ते रस्त्यावरचं सगळं उचलून मागे फेकतं. चिखल, खडी, एकदा तर मेलेली घूस. म्हणून चाकावरच्या कमानीला बाहेरून एक रुंद पट्टी बसवतात. बिलावर आम्ही तिला फेंडर फ्लेअर लिहितो, बोलताना नुसतं रबर म्हणतो. वारज्यात, हायवेच्या सर्व्हिस रोडवर असलेल्या एका दुकानात मी हे काम करतो. सीट कव्हर, लाइट, म्युझिक बाकीचे बघतात. कमान माझी.

काम दिसायला किरकोळ आहे. चार कमानी, चार पट्ट्या, तीसेक स्क्रू. पण प्रत्येक स्क्रूचं टोक आत निघतं, चाकाच्या बाजूला. बाहेरून गाडी नटलेली दिसते आणि आत, जिथे कुणी वाकून बघत नाही, तिथे फिरत्या टायरवर ती टोकं रोखलेली असतात. गाडी रिकामी असेल तर मधे चांगली वीतभर जागा असते. माणसं बसली की गाडी खाली येते, चाक वर जातं आणि ती वीत कमी होत जाते. म्हणून टोकं ग्राइंडरने उडवायची, त्यावरून बोट फिरवायचं आणि मग गाडीला वजन द्यायचं.

वजन देणं ही आमच्या दुकानाची पद्धत. शेजारच्या बॅटरीवाल्याकडचे दोघे, पलीकडच्या पंक्चरवाल्याकडचे दोघे, समोरचा रसवाला, जो कोणी मोकळा असेल तो. सहा-सात जण गाडीत कोंबायचे, समोरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी चार वेळा न्यायची आणि मी बाहेरून चाकाला कान लावून बरोबर चालायचं. कुठे खर्र झालं की गाडी परत आत. नंतर सगळ्यांना चहा. रसवाला अंगाने चांगला भरलेला. तो म्हणायचा, “मी बसलो ना, मग अजून दोघंच शोधा.”

ही पद्धत पाडली दादांनी. दादा म्हणजे दुकानाचे मालक. मी आलो तेव्हा ते उभ्याने काम करत होते. पुढच्या वर्षी त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि दुकान त्यांच्या बायकोकडे, वहिनींकडे आलं. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणतो, बहुतेक गिऱ्हाइकंसुद्धा. त्या बोलायला तुटक. माझ्या तोंडून पहिल्या महिन्यात सारखं ‘काहून, काहून’ यायचं, तर एकदा म्हणाल्या, “इथे ‘का’ म्हटलं तरी उत्तर मिळतं. उरलेली अक्षरं गावाकडे पाठव.”

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात. नववीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेलो नाही. शाळा दूर होती, एस.टी. बंद झाली, आणि खरं सांगायचं तर गणिताच्या सरांची भीती वाटायची. मामाच्या पंक्चरच्या दुकानात बसलो, तिथून गावच्या पोरांबरोबर पुण्याला. पोरं हिंजवडीत कंपन्यांच्या बसवर लागली, मी इथे. पंधराव्या दिवशी मला कावीळ झाली. वहिनींनी स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि पुढचे एकोणीस दिवस त्यांच्या घरून मऊ भात येत होता. मी कोण त्यांचा? पंधरा दिवसांचा नोकर. बरा झाल्यावर मी पाया पडायला गेलो तर म्हणाल्या, “पाया पडण्यापेक्षा वेळेवर येत जा.” तेव्हापासून दुकानाचा पोटमाळा हेच माझं घर. या बाईंना आपल्यामुळे खाली बघायला लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात असायचं. पुढे मी जे केलं ते याच भीतीने केलं.

धायरीचे आप्पा एका रविवारी सकाळी आले. धायरी गाव होतं तेव्हापासूनची त्यांची जमीन, आता तिच्यावर इमारती. गाडी मात्र जुनी, चौकोनी, उंच, मागे समोरासमोर बाकडी असलेली. पुतण्याने तिला कुठूनतरी रुंद टायर घालून आणलं होतं. ते दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या बाहेर डोकावत होते. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या. पहाटे सगळं घर कुलदैवताला निघणार होतं, बोपदेव घाटाने.

“पाटे निघायचंय आन् गाडी अशी उघडी,” आप्पा म्हणाले. “चौकात पोलीस बी अडिवतो. पन एक सांगतो, अमावस्या आज साडेतीनला लागतीया. त्येच्या आत गाडी भाईर पायजे. अमावस्येत गाडीला भोकं पाडलेली मला चालनार न्हाईत.”

“पंचांग दुकानात लावूनच ठेवते आता,” वहिनी म्हणाल्या. “ग्राइंडरच्या शेजारी.”

मी तीन नमुने काढले. पहिला कडक प्लास्टिकचा, चकचकीत. पुतण्याला तोच आवडला. मी त्याला सांगितलं, सोसायटीच्या खांबाला एकदा घासला की याचा तुकडा पडतो. दुसरं रबर स्वस्तातलं, जुन्या टायरचा चुरा वितळवून केलेलं. ते दोन उन्हाळ्यांत पांढरं पडतं आणि कडेने भेगाळतं. तिसरं चांगलं. ते मी दुमडलं, मुठीत दाबलं, सोडलं. ते सावकाश सरळ झालं, वळ राहिला नाही. आप्पांनी ते नाकाला लावलं.

“वास लई मारतंय.”

“नवं आहे म्हणून,” मी म्हणालो. “आठ-दहा दिवस येईल वास. मग जातो.”

हे वाक्य मी शेकडो वेळा बोललो असेन.

रुंदीवरून थोडं झालं. पुतण्याला तीन बोटं हवी होती, आप्पांना दोन. शेवटी टायर जेवढा बाहेर तेवढीच पट्टी, असं वहिनींनी ठरवलं आणि दोघेही धायरीला जेवायला निघून गेले.

पुढच्या दोन्ही कमानी नीट झाल्या. पट्टी कमानीवर धरून खडूने खुणा करायच्या, मधल्या खुणेपासून सुरुवात करायची, म्हणजे रबर दोन्हीकडे सारखं ओढलं जातं. मागची डावीही झाली. प्रत्येक वेळी चाक काढलं, टोकं उडवली, बोट फिरवलं. दोन वाजून गेले होते. मग उजवी मागची कमान घेतली. पहिलं भोक पाडलं आणि ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं.

पत्रा असा जात नाही. तो आधी नकार देतो, मग चर्र करून वाट देतो. मी ड्रिल बाहेर ओढलं, तर टोकाला लोखंडाचा कीस नव्हता. पांढरी पूड होती. दुसरं भोक पाडलं, तिथेही पूड. कधीतरी ही गाडी या बाजूने ठोकली गेली होती आणि डेंटरने पत्रा ठोकून सरळ करायच्या ऐवजी पुट्टी भरून वरून रंग मारला होता. कमानीची गोलाई सगळी पुट्टीची. मी बोटाने टकटक केलं. आवाज मातीच्या मडक्यासारखा आला.

नियम सांगायचा तर मी तिथेच थांबायला हवं होतं. वहिनींना बोलवायचं, आप्पांना दाखवायचं, रंग खरवडायचा. पण म्हणजे गाडी दोन दिवस आत. म्हणजे आप्पांची कुलदैवताची वारी गेली आणि त्यांच्या जुन्या गाडीची ही जखम आम्ही उघडी पाडली. रविवार असल्याने दुकानात मी आणि वहिनी दोघंच. त्या काउंटरवर फोनवर होत्या, दादांच्या व्यायामवाल्या बाईंशी काहीतरी बोलत. मला वाटलं, कशाला त्यांच्या डोक्याला ताप.

नेहमीचे आखूड स्क्रू पुट्टीत धरेनात. मी लांब स्क्रू काढले, पायदानाला वापरतो ते. ते पुट्टीतून आरपार जाऊन मागच्या पत्र्यात पक्के बसले. सात स्क्रू. पट्टी अशी बसली की चारांतली सगळ्यात सुंदर तीच. हे स्क्रू घालताना चाक काढायची गरज पडली नव्हती. शेवटी जॅक लावून, चाक काढून, एकदमच टोकं उडवू, असं मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात आप्पा आले. तीन वाजून दहा मिनिटं.

“झालं का न्हाय?” दारातूनच ओरडले. “चल, नारळ आनलाय.”

पुतण्याने तिथेच बोनेटपुढे नारळ फोडला, पाणी चारी चाकांवर शिंपडलं, चार पट्ट्यांना हळदीकुंकू लावलं. त्या रबरावर हात फिरवत आप्पा गाडीभोवती फिरले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “विदर्भाचा हात चांगला हाय तुमचा.” मला इतकं बरं वाटलं, की मी नुसता हसत उभा राहिलो. रसवाल्याकडे बघितलं तर त्याच्याकडे गर्दी. बॅटरीवाल्याचं दुकान रविवारी बंद. वहिनींनी बिल पुढ्यात ओढलं आणि रोजच्यासारखं, मान वर न करता विचारलं:

“वजन दिलं?”

“दिलं,” मी म्हणालो.

गाडी बरोबर साडेतीनच्या आत दुकानातून गेली.

आठवण झाली ती संध्याकाळी, अवजारं पुसताना. ग्राइंडरची चकती पुसली आणि हात थांबला. सात टोकं. मी उजवं मागचं चाक काढलंच नव्हतं. हाताच्या अर्ध्या बोटाएवढी सात टोकं, त्या गाडीत, चाकावर.

फोन नंबर बिलबुकात होता, बिलबुक वहिनींच्या ड्रॉवरमध्ये, वहिनी घरी. फोन करायचा म्हणजे त्यांना सांगायचं. सांगायचं म्हणजे आधी ‘दिलं’ म्हणालो ते खोटं होतं, हे सांगायचं. मी पोटमाळ्यावर जाऊन हिशेब मांडायला लागलो. गाडी उंच आहे. खालचे स्प्रिंगचे पाटे जुने पण चार आहेत. सगळं घर जाणार म्हणाले, म्हणजे किती? पाच? सहा? एवढ्यात नाही टेकणार. मग त्यांच्याकडची नातवंडं आठवली, आणि मागच्या बाकड्यांवर, अगदी त्या चाकाच्या डोक्यावर, पोरंच बसणार हेही आठवलं. रात्रभर खाली हायवेवरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीचं चाक मला कुठेतरी घासतंय असं ऐकू यायचं.

सकाळी पावणेसातला मी वहिनींच्या दारात होतो. त्यांचं घर दुकानामागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्या दादांना चमच्याने चहा पाजत होत्या.

“आज सूर्य लवकर उगवला वाटतं,” म्हणाल्या. मग माझं तोंड बघितलं आणि चमचा खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. पुट्टी, लांब स्क्रू, नारळ. शेवटी, वजन दिलं नव्हतं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

“किती टोकं?”

“सात.”

“केवढी?”

मी बोटावर दाखवलं. दादांना नीट बोलता येत नाही. पण त्यांच्या चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला, एवढं मी बघितलं.

नंबर वहिनींच्या फोनमध्ये होता. दोनदा नुसती रिंग गेली. तिसऱ्यांदा उचलला. त्यांनी स्पीकर लावला. आत पोरांचा ‘येळकोट येळकोट’ असा एकच गलका.

“बोला ताई! गाडी लई झ्याक दिसतीया. पंपावं दोघांनी इचारलं, कुठनं बसवलं म्हनून.”

“आप्पा, कुठे आहात?”

“बोपदेवच्या पायथ्याला. आता चढतोय.”

“गाडी थांबवा.”

“का वो?”

“आधी थांबवा.”

“ताई, सोमवती हाय आज. गर्दी व्हायच्या आत देवाला पोचायचंय. काय राह्यलं आसंल तर माघारी येताना दुकानावं येतो की.”

“आप्पा,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जराही चढला नाही, “गाडी बाजूला घ्या. पोरं खाली उतरवा. मग मला काय शिव्या द्यायच्यात त्या द्या. मी फोन धरून उभी आहे.”

पलीकडे आप्पांनी फोन तोंडापासून दूर घेतला. मग, “ए, घे रं बाजूला.” इंजिन बंद झालं. दारं उघडली. एक पोरगी विचारत होती, देव आला का. मग पायांचा आवाज, आणि आप्पा वाकताना त्यांच्या छातीतून निघालेली हवा.

“उजवं मागचं,” वहिनी म्हणाल्या.

आम्ही तिघं त्या फोनकडे बघत होतो. मला वाटलं लाइन तुटली.

“ताई,” आप्पांचा आवाज आला, पण तो मघाचा आवाज नव्हता. “टायरची सालं निघाल्यात. एका जागी आतली दोरी दिसतीया.” मग म्हणाले, “धाकट्या नातीला निघाल्यापास्नं जळका वास येत व्हता. आमी म्हनलं, नवं रबर हाय. तुमच्याच मानसानं सांगितलं व्हतं, वास येतो म्हनून.”

वहिनींनी त्यांची छोटी गाडी काढली. मी जॅक, पाना, कानस घेऊन मागे बसलो. पुढे बसायची हिंमत नव्हती. कात्रज, कोंढवा, येवलेवाडी. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी डोळे मिटत होतो. असे किती स्पीडब्रेकर त्या गाडीने सगळं घर घेऊन ओलांडले होते! प्रत्येक वेळी सात टोकं खाली, टायर वर.

पायथ्याला ती गाडी रस्त्याकडेला उभी होती, हळदीकुंकू तसंच. पोरं एका झाडाखाली बसून पुरणपोळीसारखं काहीतरी खात होती. एकूण पाच पोरं. मी मोजली. घाटातून एक ट्रक खाली येत होता, त्याच्या ब्रेकचा वास सगळीकडे पसरला होता. मी आडवा होऊन गाडीखाली गेलो. टायरच्या खांद्यावर नांगरल्यासारखे चर पडले होते. एका चरात बोट घातलं तर आतल्या दोऱ्यांचे तुटके शेंडे बोटाला टोचले. हा टायर पहिल्याच वळणाला गेला असता की वरच्या, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं.

चाक उतरवून मी टोकं कानशीने घासत असताना वर आप्पा बोलत होते.

“ताई, दादा दुकानात व्हते तवा असं कधी झालं न्हाय.”

“नाही झालं.”

“ह्या पोरानं...”

“त्याचं काय नाही त्यात,” वहिनी म्हणाल्या. “तीन वाजत आले होते, तुमची अमावस्या दारात उभी होती. वजन राहू दे, गाडी सोड, असं मीच सांगितलं त्याला. चूक दुकानाची. टायर मी देते.”

मी गाडीखालून बाहेर येऊन तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत खाली गेलो.

जुना अरुंद टायर स्टेपनीला होता, तो चढवला. आप्पांनी पोरांना एकेक करून हात धरून चढवलं, शेवटी स्वतः बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही उभे होतो.

परत येताना कोंढव्याच्या सिग्नलला वहिनी पहिल्यांदा बोलल्या. समोर बघतच.

“याआधी?”

“काय वहिनी?”

“याआधी किती गाड्यांना ‘दिलं’ म्हणालास?”

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला. मी आठवायला लागलो. पाऊस होता म्हणून एक. शेजारचे सगळे जेवायला गेले होते म्हणून एक. एका हिंजवडीच्या इंजिनिअरला मीटिंग होती. “चार,” मी म्हणालो. “पाच असतील.”

“त्यांची टोकं उडवली होती?”

“हो.”

“नक्की?”

रविवार संध्याकाळपर्यंत मला या गाडीबद्दलही नक्कीच वाटत होतं.

दुकानाचं शटर त्या दिवशी अर्धंच उघडलं. वहिनींनी बिलबुकं काढली आणि मी पानं दाखवत गेलो. चारच निघाली. इंजिनिअरने पार्किंगमध्ये जाऊन मोबाइलचा टॉर्च लावला, फोटो पाठवला. टोकं साफ. दुसऱ्याने गाडी नगरला विकली होती, त्याने नव्या मालकाला फोन लावून दिला. तिथेही ठीक. तिसरे गृहस्थ दुपारी स्वतः गाडी घेऊन आले आणि “तुम्ही दुकान चालवता की सस्पेन्स?” असं म्हणून गेले. एक टोक थोडं वर होतं. ते उडवलं.

चौथी पांढरी गाडी. मला रंग आठवतो, माणूस आठवत नाही. मागच्या काचेला लहान मुलांसाठी लावतात तशी ऊन अडवणारी जाळी होती, एवढं आठवतं. वहिनींनी नंबर फिरवायला घेतला आणि थांबल्या. बिलबुक माझ्यापुढे सरकवलं. नऊच आकडे होते. अक्षर माझं होतं.

शेवटचा आकडा राहिला असेल असं धरून त्यांनी शून्यापासून सुरुवात केली. “नमस्कार, तुमच्याकडे पांढरी गाडी आहे का, चाकांवर रबर बसवलेली?” एकाने राँग नंबर म्हणून ठेवला. एक बाई म्हणाल्या, आम्हाला गाडीच नाही, पण का हो? दोन नंबर बंद. एकाला वाटलं आम्ही कर्ज विकतोय. सातव्या नंबरला एका लहान मुलाने उचललं.

“बाबा गाडी चालवतायत,” तो म्हणाला.

“कुठली गाडी, बाळा? पांढरी का?”

तिकडे वारा येत होता, काच उघडी असल्यासारखा. मुलाने कुणालातरी काहीतरी विचारलं. मग फोन कट झाला.

वहिनींनी परत लावला. नुसती रिंग गेली. परत लावला. मी समोर उभा होतो आणि त्या मला बस म्हणत नव्हत्या. रसवाला अर्ध्या शटरखालून वाकून विचारून गेला, आज वजनाला कुणाला बसायचंय का. वहिनींनी त्याला हातानेच नाही म्हटलं आणि पुन्हा तोच नंबर फिरवला.